नवें चित्र आणि जुनी तबकडी

कोणतीही नवी वस्तु बाजारांत आली म्हणजे तिच्या जातीची जुनी वस्तु आतां नाहींशी होणार, असें भाकीत करणारे लोक लागलीच पुढें येतात. त्यांचें भाकीत कधीं खरें ठरतें, कधीं खोटें ठरतें. आणि कधीं कधीं तर असा चमत्कार घडतो कीं, जुनीस हुसकावून लावण्यास आलेली नवी वस्तुच एका तिसऱ्या वस्तूपुढें मागें पडते, व जुनी आपली कोपऱ्यांत शांतपणें बसून राहते. घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या ज्या तबकड्या गेल्या तीस वर्षांत निघाल्या, त्यांची हकीकत ह्या शेवटच्या प्रकारची आहे. सन २००६ सालीं अतिस्पष्ट चित्र दाखविणाऱ्या तबकड्या प्रथम विक्रीस आल्या, तेव्हां 'आतां डीव्हीडीचे दिवस भरले काय ?' हा प्रश्न जिकडेतिकडे विचारला जात होता. त्या गोष्टीस आतां पुष्कळ काळ लोटला असून निकाल देण्यास लागणारा पुरावा आपणांपुढें आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीच्या सामानाचा आहे, शाळेच्या वार्षिकांत त्यास जागा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरीं कपाटाच्या वरच्या खणांत अशा तबकड्यांची एखादी चळत पडलेली असते. तींत विकत आणलेले चित्रपट असतात. पण त्यांच्याच शेजारीं आईवडिलांच्या लग्नाचें, बारशाचें, बाप्तिस्म्याचें, किंवा आतां हयात नसलेल्या आजीच्या बोलण्याचें चित्रण असतें. दिवाळीची अथवा नाताळाची झाडलोट निघाली म्हणजे 'हा जुना पसारा टाकून द्यावा काय ?' असा प्रश्न निघतो, आणि पुष्कळदां विचार न करितां त्याचें उत्तर दिलें जातें. तें उत्तर विचारपूर्वक दिलें जावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम ह्या तबकड्यांची जात ओळखून घेऊं. वरून पाहतां त्या सर्व सारख्याच. प्रत्येकीचा व्यास १२ सेंटिमीटर. प्रत्येकीच्या आंत डोळ्यांस न दिसणाऱ्या खळग्यांची एक लांबलचक ओळ गोगलगाईच्या शंखाप्रमाणें मध्यापासून कडेपर्यंत वळत गेलेली असते, व तिच्यावर लेसर किरण पाडून त्याच्या परावर्तनावरून यंत्र ती ओळ वाचतें. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितका त्याचा ठिपका बारीक पडतो; आणि ठिपका जितका बारीक, तितके खळगे जवळजवळ कोरतां येतात. बारीक निबाच्या टांकानें एका पानावर अधिक मजकूर मावतो, त्यांतलाच हा प्रकार होय. गाण्याच्या सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, आणि ब्लू-रे नांवाच्या नव्या तबकडीचा ४०५ चा. त्यामुळें सीडीवर दोन वळशांतील अंतर १·६ मायक्रोमीटर असतें, तें डीव्हीडीवर ०·७४ व ब्लू-रेवर ०·३२ इतकें कमी होतें. डीव्हीडीच्या एका थरावर ४·७ गिगाबाइट मजकूर मावतो, तर ब्लू-रेच्या एका थरावर २५. हा निळसर जांभळा किरण सहजासहजीं हातीं आला नाहीं. जपानांतील शूजी नाकामुरा ह्यांनीं निचिया ह्या कंपनींत असतां १९९० नंतरच्या दशकांत प्रथम तेजस्वी निळा दिवा व मागाहून त्या जातीचा लेसर सिद्ध केला. निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल त्यांस इसामु आकासाकी व हिरोशी आमानो ह्यांचे बरोबर सन २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां ह्या घराण्याची वंशावळ पाहूं. सन १९७५ सालीं सोनी कंपनीची बीटामॅक्स फीत निघाली व १९७६ सालीं जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस. १९७८ सालीं अमेरिकेंत लेसरडिस्क ही ताटाएवढी, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी विक्रीस आली. १९९३ सालीं व्हिडिओ सीडी निघाली. सन १९९६ च्या नोव्हेंबर महिन्यांत जपानांत डीव्हीडीचा जन्म झाला व पुढील वर्षीं ती अमेरिकेंत पोहोंचली. पडद्यावरील चित्र हें बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. व्हिडिओ सीडीच्या चित्रांत आडवे ३५२ व उभे २८८ ठिपके असतात. आपल्याकडील डीव्हीडींत ७२० व ५७६. आणि ब्लू-रेंत १९२० व १०८०. ज्यांस गुणाकार येतो त्या मुलांनीं कागद-पेन्सिल घेऊन ताळा पाहावा : डीव्हीडीचें चित्र व्हिडिओ सीडीच्या सुमारें चौपट भरतें, आणि ब्लू-रेचें चित्र डीव्हीडीच्या बरोबर पांचपट भरतें.

पांचपट स्पष्ट चित्र ! मग जुनी तबकडी टिकावी कशी ? लोकांस असेंच वाटलें. परंतु नवी तबकडी एकटी आली नाहीं. दोघी आल्या, आणि त्या एकमेकींच्या सवती होत्या. सन २००६ च्या मार्चअखेर जपानांत तोशिबा कंपनीनें एचडी डीव्हीडी बाजारांत आणली, तर जून महिन्यांत अमेरिकेंत ब्लू-रेचा पहिला प्लेअर विक्रीस आला. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रांत चालत नसे. एचडी डीव्हीडीच्या एका थरावर १५ गिगाबाइट मजकूर मावे. ब्लू-रेवर अधिक मावत असे, पण ती महाग पडे. चित्रपट काढणाऱ्या कंपन्या कांहीं इकडे, कांहीं तिकडे अशा विभागल्या. २००६ च्या नोव्हेंबरांत सोनीनें आपल्या प्लेस्टेशन ३ ह्या खेळाच्या यंत्रांतच ब्लू-रेची सोय करून दिली, आणि खेळासाठीं यंत्र घेणाऱ्या लक्षावधि घरांत ती आपोआप शिरली. शेवटीं सन २००८ च्या ४ जानेवारीस वॉर्नर ब्रदर्सनें ब्लू-रेचा पक्ष घेतला, आणि पुढच्याच महिन्यांत १९ तारखेस तोशिबानें माघार जाहीर केली. ज्यांनीं हौसेनें पहिल्याच वर्षीं एचडी डीव्हीडीचीं महाग यंत्रें घेतलीं होतीं, त्यांच्या हातीं दोन वर्षांच्या आंत एक निरुपयोगी पेटी राहिली. नवी वस्तु बाजारांत येतांच सर्वांच्या आधीं धांवणाऱ्यास पुष्कळदां असा दंड पडतो, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

असो. एक सवत गेली, दुसरीचें राज्य झालें; मग तिनें डीव्हीडीस घराबाहेर काढलें काय ? नाहीं. ब्लू-रेच्या विजयानंतरही कित्येक वर्षें खुद्द अमेरिकेंत ब्लू-रेपेक्षां डीव्हीडीच अधिक खपत राहिल्या. ह्याचीं कारणें आमच्या मतें तीन आहेत.

पहिलें कारण असें कीं, डीव्हीडीनें जेव्हां फितीस हटविलें, तेव्हां तें केवळ चित्राच्या स्पष्टपणावर हटविलें नव्हतें. फीत पाहून झाल्यावर मागें गुंडाळावी लागे, वारंवार लाविल्यानें झिजे, यंत्रांत अडके, दमट हवेंत तिला बुरशी येई. तबकडीनें हीं सर्व दुखणीं एकदम दूर केलीं. पाहिजे तो प्रसंग क्षणांत काढतां येऊं लागला, आणि ठेवण्यास जागाही थोडी लागूं लागली. ब्लू-रेनें मात्र चित्र व ध्वनि ह्यांखेरीज असें कोणतें नवें सुख दिलें ? फारसें कांहीं नाहीं. मनुष्य एका गुणाच्या वाढीसाठीं घर बदलीत नाहीं. अनेक अडचणी एकदम टळत असतील तरच बदलतो.

दुसरें कारण मानवी डोळा. निरोगी डोळ्यास सुमारें एक कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा कोन निरनिराळा ओळखतां येतो. तीन मीटर अंतरावर ह्या कोनांत सुमारें ०·८७ मिलिमीटर लांबी मावते. त्याहून जवळजवळ असलेले दोन ठिपके डोळ्यास एकच वाटतात. आतां ३२ इंची दूरदर्शन संच घ्या. त्याच्या पडद्याची उंची सुमारें ४० सेंटिमीटर. डीव्हीडीच्या ५७६ ओळी तींत बसविल्या तर प्रत्येक ओळ ०·६९ मिलिमीटरची होते. म्हणजे तीन मीटरांवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यास त्या ओळीही सुट्या दिसत नाहींत. तेथें १०८० ओळी दिल्या काय आणि न दिल्या काय, फरक थोडाच. पण तोच पडदा ६५ इंची असला, तर डीव्हीडीची ओळ १·४ मिलिमीटरची होऊन चित्र ढोबळ दिसतें, व ब्लू-रेची ०·७५ ची होऊन तें गुळगुळीत दिसतें. हा हिशेब स्थूल आहे, तरी मुद्दा समजण्यास पुरेसा आहे. लहान खोलींत लहान पडद्यासमोर बसणाऱ्या कुटुंबानें नव्या तबकडीस दाद दिली नाहीं, ती अडाणीपणामुळें नव्हे; त्याच्या डोळ्यांनींच त्यास खरी साक्ष दिली. सन २०१६ पासून ३८४० व २१६० ठिपक्यांची त्याहूनही चौपट भरीव तबकडी विकत मिळते. तिजसाठीं यंत्र घेण्यापूर्वीं पालकांनीं आपल्या बैठकीच्या खोलींतील अंतर एकदां फूटपट्टीनें मोजून पाहावें, म्हणजे विक्रेत्याच्या भाषणाची अर्धी भुरळ तेथेंच उतरेल.

तिसरें कारण असें कीं, ब्लू-रेचें यंत्र जुनी डीव्हीडीही वाचतें. ही सोय करणारांनीं ती शहाणपणानें केली. पण तिचा परिणाम असा झाला कीं, नवें यंत्र घेतलें तरी जुना संग्रह टाकण्याचें कारण उरलें नाहीं. आपल्या देशांत तर ह्या तिन्ही कारणांवर किंमतीचा शिक्का बसला. मोझर बेअर ह्या भारतीय कंपनीनें सन २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या व्हिडिओ सीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला. दोन-दोन तीन-तीन तबकड्या मध्येंच बदलाव्या लागत, चित्र धूसर दिसे, तरी ज्या घरांत चित्रपटगृहाचें एक तिकीटही जड वाटे, तेथें ह्या स्वस्त तबकडीनें सर्व कुटुंबाची संध्याकाळ आनंदांत घालविली. तिजपुढें महागडी ब्लू-रे उभी राहावी कशी ? जी वस्तु थोड्यांस उत्तम मिळते, तिजपेक्षां जी सर्वांस बरी मिळते ती अधिक दूर जाते, हा बाजाराचा जुनाच न्याय आहे.

तेव्हां नव्या तबकडीनें जुन्या तबकडीस हटविलें नाहीं, हें उघड झालें. परंतु म्हणून जुनीचा जय झाला असेंही नव्हे. दोन मल्ल आखाड्यांत झुंजत असतां तिसराच गडी मागच्या दारानें घरांत शिरला. अमेरिकेंत नेटफ्लिक्स ही कंपनी १९९८ पासून टपालानें डीव्हीडी भाड्यानें पाठवीत असे. तिनेंच सन २००७ च्या जानेवारींत, म्हणजे वरील युद्ध ऐन रंगांत असतां, इंटरनेटवरून चित्रपट थेट घरीं दाखविण्यास सुरुवात केली. ह्या रीतीस स्ट्रीमिंग म्हणतात. आपल्याकडे सन २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाल्यापासून मोबाइलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि खेड्यांतला मुलगाही हातांतील फोनवर चित्रपट पाहूं लागला. मोझर बेअर कंपनी २०१८ सालीं दिवाळखोरींत काढण्यांत आली. नेटफ्लिक्सनें आपली शेवटची टपाली तबकडी २०२३ च्या २९ सप्टेंबरास पाठविली. सॅमसंगनें २०१९ सालीं नवे ब्लू-रे प्लेअर काढणें सोडलें. आणि घरीं मजकूर भरण्याच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्या काढणें सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत बंद केलें.

येथें एक मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. स्ट्रीमिंगचें चित्र तबकडीच्या चित्रापेक्षां सरस आहे म्हणून तें जिंकलें, असें नाहीं. ब्लू-रेवर चित्रासाठीं सेकंदास ४० मेगाबिटपर्यंत मजकूर देतां येतो. स्ट्रीमिंगवाले तितक्याच ठिपक्यांच्या चित्रासाठीं ५ मेगाबिट वेगाची जोडणी पुरेशी समजतात. ठिपके तितकेच, पण त्यांत भरलेला तपशील कमी; म्हणून काळोखाच्या व पावसाच्या दृश्यांत चित्र फुटल्यासारखें दिसतें. लोकांनीं तें चालवून घेतलें. कारण उठून तबकडी आणावी लागत नाहीं, ठेवण्यास कपाट लागत नाहीं, आणि हजारों चित्रपट एका बोटाखालीं येतात. सारांश, फितीस ज्या न्यायानें डीव्हीडीनें हटविलें, त्याच न्यायानें तबकडीस स्ट्रीमिंगनें हटविलें. सोय जिंकली, स्पष्टपणा हरला.

ही सोय खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या गांवीं चांगल्या चित्रपटाची तबकडी कधींच मिळाली नसती, तेथील शिक्षकास आज परदेशांतील उत्तम शास्त्रीय चित्रण वर्गांत दाखवितां येतें. गरीब विद्यार्थ्यास ज्ञानाचें दार उघडलें, ही लहान गोष्ट नव्हे. आणि तीबद्दल तोंड वाईट करणें हें शिक्षकास शोभणार नाहीं. परंतु सोयीचें मोल देतांना आपण काय देऊन बसतों, हें पाहणें आपलें कर्तव्य आहे. आपण मालकी देतों, आणि तिच्याबरोबर स्थैर्य देतों.

ह्याचीं उदाहरणें पाहा. सन २००९ च्या जुलैंत ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती, त्या विकणारास हक्क नव्हता असें आढळल्यावरून, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूर बसून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत दिले, हें खरें. पण पुस्तकविक्यानें रात्रीं येऊन कपाटांतलें पुस्तक उचलून न्यावें व उशाशीं पैसे ठेवावे, असाच तो प्रकार झाला. सन २०२२ च्या नोव्हेंबरअखेर डिस्नेनें 'विलो' नांवाची मालिका आपल्या स्ट्रीमिंगवर दाखविण्यास आरंभ केला, आणि २०२३ च्या मे महिन्यांत, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत, ती स्वतःच काढून टाकली. शेंकडों लोकांच्या श्रमाचें काम प्रेक्षकांच्या दृष्टिआड झालें. कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ सालीं असा कायदा केला कीं, जेथें ग्राहकास केवळ पाहण्याचा परवाना मिळतो, तेथें विक्रेत्यानें तसें स्पष्ट सांगितल्यावांचून 'विकत घ्या' असे शब्द वापरूं नयेत. हा कायदा २०२५ च्या जानेवारीपासून अमलांत आला. 'विकत' ह्या साध्या शब्दाचा अर्थ सांगण्यास कायदेमंडळास बसावें लागलें, ह्यावरूनच रोग किती मुरला आहे हें दिसतें.

तबकडी ही अशी वस्तु आहे कीं, ती एकदां आपली झाली म्हणजे आपली. ती शेजाऱ्यास पाहण्यास देतां येते, ग्रंथालयांत ठेवितां येते, मुलांच्या मुलांस देतां येते. तिच्यांतला मजकूर कोणी मध्यरात्रीं बदलूं शकत नाहीं. 'स्टार वॉर्स' ह्या प्रसिद्ध चित्रपटमालेंतील पहिल्या तीन चित्रपटांत मूळ कर्त्यानें मागाहून बरेच फेरफार केले, व २०११ सालच्या ब्लू-रे संचांत ते फेरफार केलेलेच चित्रपट निघाले. मूळ स्वरूप पाहण्याची इच्छा असणारांस २००६ सालीं निघालेल्या डीव्हीडीकडे वळावें लागतें. आणि त्या डीव्हीडीवरील मूळ चित्र तरी कोठून घेतलें होतें? १९९३ च्या लेसरडिस्कसाठीं तयार केलेल्या प्रतीवरून. ज्या ताटाएवढ्या तबकडीस लोक अडगळ म्हणत होते, तिच्याच आधारानें एका कृतीचें पहिलें रूप शिल्लक राहिलें.

आपल्या देशांत तर हानीचा इतिहास ह्याहून दुःखद आहे. १९३१ सालीं निघालेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज कोठें ज्ञात नाहीं. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंपर्यंत पुष्कळ उशीर झाला होता. आणि २००३ च्या ८ जानेवारीस पुण्यांत जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून प्रभात कंपनीच्या चित्रपटांच्याही मूळ प्रती जळाल्या. त्याच प्रभातच्या 'संत तुकाराम' ह्या १९३६ सालच्या बोलपटाचा १९३७ सालीं व्हेनिस येथें गौरव झाला होता. तो आज आपणांस पाहतां येतो, कारण त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणीं शिल्लक होत्या. ह्यांतून जो धडा मिळतो तो साधा आहे : जी वस्तु एकाच ठिकाणीं असते, ती केव्हांही नाहींशी होऊं शकते, ती जळून जाईल, विसरून जाईल, किंवा मालकाच्या मर्जीनें जाईल.

मात्र ह्याच धड्याची दुसरी बाजू तबकडीच्या भक्तांनींही ऐकावी. तबकडी अमर नाहीं. कारखान्यांत ठशानें छापलेल्या तबकडींतील खळगे बरेच टिकाऊ असतात. पण घरीं किंवा फोटोवाल्याच्या दुकानीं भरलेल्या तबकडींत खळगे नसतात, तर सेंद्रिय रंगाचा थर असतो, आणि ऊन, उष्णता व दमटपणा ह्यांनीं तो रंग हळूहळू विटतो. म्हणजे ज्या तबकडीवर बाजारचा चित्रपट आहे ती टिकेल, आणि जिच्यावर आपल्या घरचें लग्न आहे तीच आधीं जाईल ! शिवाय तबकडी टिकली तरी यंत्र टिकेल काय ? व्हीएचएसचीं यंत्रें काढणारी जपानांतील शेवटची कंपनी २०१६ च्या जुलैंत थांबली. आज कोणाच्या घरीं फितीवर बापाचा आवाज असेल, तर तो ऐकण्यास चालू यंत्र शोधीत फिरावें लागतें. डीव्हीडीच्या यंत्रांसही हा दिवस येणार आहे.

म्हणून आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. 'नवी तबकडी कीं जुनी' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारावयाचें तें हें कीं, 'ह्या चळतींत असें काय आहे, जें आमच्याखेरीज दुसरा कोणीही जपणार नाहीं ?' बाजारांत आजही सहज मिळणारा चित्रपट साध्या डीव्हीडीवर असेल व ती चालत असेल, तर केवळ चित्र पांचपट भरीव आहे म्हणून तो पुन्हां विकत घेण्याची घाई नको. जो चित्रपट आपणांस वर्षानुवर्षें पाहावासा वाटतो, ज्यावर मुलांस वाढवावें असें वाटतें, त्याची मात्र तबकडी मिळत असेल तर जवळ ठेवावी, आणि ती प्रामाणिकपणें विकत घेतलेली असावी; रस्त्यावरची चोरून काढलेली प्रत घेणें म्हणजे मुलास पहिला धडाच चोरीचा देणें होय. बाकीचें सर्व स्ट्रीमिंगवर पाहण्यास कोणाची हरकत नाहीं. तें भाड्याचें आहे, हें विसरूं नये म्हणजे झालें.

घरच्या चित्रणांविषयीं मात्र आमचा आग्रह आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरांतील अशा तबकड्या व फिती काढाव्या, प्रत्येकीवर काय आहे तें वडील माणसांस विचारून एका वहींत लिहून ठेवावें, व चालू यंत्र मिळतें आहे तोंवर त्यांचा मजकूर संगणकावर उतरून घ्यावा. प्रती तीन असाव्या. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं, मामाकडे किंवा आत्याकडे असावी. मूळ तबकड्याही टाकूं नयेत. त्या डब्यांत उभ्या, उन्हापासून दूर ठेवाव्या. बोटांनीं कडेसच धराव्या. पुसावयाच्या झाल्यास मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसाव्या, गोल फिरवून पुसूं नयेत. आणि वर नांव लिहितांना टोंकदार बॉलपेन वापरूं नये. हें काम मुलांच्या आवांक्यांतलें आहे. ह्या निमित्तानें आजोबा-आजींजवळ बसून 'हे कोण ? हें घर कोठलें ?' असें विचारण्यांत जी दोन घटका जातील, त्या कोणत्याही अतिस्पष्ट चित्रापेक्षां अधिक मोलाच्या आहेत. चित्रांतील माणसांचीं नांवें सांगणारा मनुष्य घरांतून गेला, म्हणजे चित्र कितीही स्पष्ट असलें तरी तें मुकें होतें.

शाळांसही हेंच लागू आहे. पुष्कळ शाळांच्या कपाटांत शास्त्राच्या, भूगोलाच्या व स्नेहसंमेलनांच्या तबकड्या आहेत. इंटरनेट आहे म्हणून त्या रद्दींत घालण्यापूर्वीं कोणीतरी एकानें बसून त्या पाहाव्या व यादी करावी. परीक्षेच्या आदल्या दिवशीं जोडणी बंद पडली म्हणजे ज्या तबकडीस आपण जुनाट म्हणतों, तीच वर्गाच्या उपयोगीं पडते. आणि मागील संमेलनांतील चित्रण तर दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या भांडारांत असणार नाहीं. तें गेलें म्हणजे गेलेंच.

शेवटीं विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, ठिपके मोजण्यास शिका, पण ठिपक्यांवर भुलूं नका. वीस लक्ष ठिपक्यांचें चित्र हलक्या प्रतीच्या गोष्टीस उंच करीत नाहीं, आणि दोन-तीन पिढ्यांनीं जपलेली धूसर प्रत थोर कृतीचें थोरपण कमी करीत नाहीं. यंत्रें बदलतील, आज ज्यास आपण नवें म्हणतों तें तुमच्या मुलांस जुनाट वाटेल. त्या वेळीं त्यांच्या हातीं काय द्यावयाचें, हें आज कपाट आवरतांना ठरतें. तें ठरविण्याचें काम बाजारावर सोंपवूं नका. तें आपलें आहे.